बारा चित्रांचं थांबणं

आम्रपालीला किळस फार लवकर येते. महाडात तिला ओळखणारी माणसं नवख्याला हे आधीच सांगून ठेवतात, म्हणजे तिच्या चेहऱ्याकडे बघून तो दचकू नये. चहावरची साय, लग्नपत्रिकेवरची चमकी, फोनवर मोठ्याने हसणारे लोक, यातलं काहीही तिला पुरतं. किळस आली की ती भांडत नाही. उठते, मोरीत जाते आणि साबण लावून हात धुते. बोलणं झाल्याबरोबर ती मोरीकडे वळली, की समोरच्याने समजून घ्यावं, आपलं नाव त्या घरातून पुसलं गेलं.

तिच्या कामात हात धुण्याचे प्रसंग भरपूर येतात. एमआयडीसीतल्या कारखान्यांना ती सुरक्षिततेचे बोर्ड रंगवून देते. हेल्मेट घाला, हातमोजे वापरा, गळती दिसली तर कळवा. एका ठिकाणच्या साहेबाने तिला सांगितलं होतं, की वायूने बेशुद्ध पडलेल्या कामगाराचा चेहरा जरा हसरा काढा, पाहुणे येतात, बरं दिसत नाही. आम्रपालीने तो हसरा काढून दिला. घरी आल्यावर तिने कोपरापर्यंत हात धुतले आणि रात्री जेवली नाही. पण बोर्ड अजून तिथे आहे, आणि तो पडलेला माणूस अजून हसतो आहे, हेही खरं.

आता अशा बाईला हाताने काढलेल्या चित्रांचा सिनेमा आणि मोबाईलवरचा गेम, या दोन्हींच्या तावडीत एकाच वर्षी सापडायचं होतं. त्याची ही हकिकत.

महाड तालुक्यातल्या तुडीलच्या बौद्धवाडीत ती वाढली. वडील लवकर गेले, आई काशीबाई दुसऱ्यांच्या शेतात राबायची. उन्हाळ्यात राब भाजायला, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजून काढायला, झाडांचा पाला लागतो, त्याला तिकडे कवळ म्हणतात. कवळ तोडायचं, भारा बांधायचा आणि डोंगरावरून शेतापर्यंत डोक्यावर आणायचा, हे काशीबाईचं मार्च-एप्रिलचं काम. वाटेत दोनतीन ठिकाणी टेकायला लागायचं. टेकायचं म्हणजे भारा छातीएवढ्या उंच बांधावर ठेवायचा आणि श्वास घ्यायचा. पुन्हा निघताना बांधाला पाठ लावून खाली वाकायचं, डोकं भाऱ्याखाली सारायचं आणि उठायचं. हे उठणं कठीण. म्हणून वाटेवर जो कोणी असेल त्याने हात लावायचा, अशी रीतच आहे. समोर उभं राहायचं, बाईचा हात धरायचा आणि ओढायचं. वाडीत ज्या दोन जावांनी बारा वर्षं एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं, त्याही वाटेवर एकमेकींना हात लावायच्या आणि पुन्हा तोंडं फिरवून आपापल्या वाटेने जायच्या.

आम्रपाली तेव्हा तेराचौदा वर्षांची. परीक्षा संपल्या की ती आईच्या मागे शेतावर जायची, पण कामाला नाही. शेवटच्या बांधाच्या समोर एक उंबर होता, त्याच्या मुळावर बसून ती शंभरपानी वहीत चित्रं काढायची. आई येते, टेकते, वाकते, उठते. सगळी बाईमाणसं तोवर आपापल्या शेतांकडे फुटलेली असायची, त्या बांधावर फक्त आई आणि समोर ही. तिने आईचं ते उठणं इतक्या वेळा काढलं, की पुढे डोळे मिटूनही तिला ते काढता यायचं.

त्या उठण्यात एक खास गोष्ट होती. डोकं भाऱ्याखाली गेल्यावर काशीबाई लगेच उठायची नाही. एक श्वासभर थांबायची. डावा हात जरासा पुढे यायचा, वीतभर, बोटं उघडी. मग तो हात गुडघ्यावर जायचा, आणि गुडघ्यावर जोर देऊन बाई उभी राहायची. दुसरी कोणी बाई असं करत नसे. आम्रपालीला वाटायचं, तोल साधायची ही आईची स्वतःची तऱ्हा. तिला त्या थांबण्याचा फार अभिमान होता. उचलण्याआधी ओझ्याला क्षणभर ताटकळत ठेवणारी बाई, असं तिने मनाशी त्याचं वर्णन करून ठेवलं होतं.

याच चित्रांवर तिला अंधेरीच्या एका स्टुडिओत काम मिळालं. परदेशी कार्टूनांची चित्रं तिथे हाताने निघायची. मोठा चित्रकार पहिलं आणि शेवटचं चित्र काढायचा. मांजर जमिनीवर, मांजर कपाटावर. मधे ते मांजर कसं गेलं, ती मधली चित्रं आम्रपालीने काढायची. पडद्यावरच्या एका सेकंदाला बारा चित्रं. खालून ट्यूब लावलेली काच, तिच्यावर कागदावर कागद, बोटांत पानं धरून फडफडवून बघायचं, हललं का नीट. अकरा वर्षं ती परक्या देशातल्या मांजरांना कपाटांवर चढवत होती. पुढे सगळं काम कॉम्प्युटरवर गेलं आणि स्टुडिओचं शटर पडलं. त्याच सुमारास काशीबाईने अंथरूण धरलं. आम्रपाली परत आली, वर्षभराने आई गेली, आणि ती महाडात बाजारपेठेमागे एक खोली घेऊन राहिली.

त्या वह्या तिने पत्र्याच्या पेटीत ठेवल्या होत्या. एकवीस सालच्या पुरात पेटी चिखलासकट बाहेर निघाली तेव्हा आत पानं नव्हती, काळा लगदा होता. आम्रपालीने तो लगदा फावड्याने गोळा केला आणि इतर घाणीबरोबर रस्त्यावर टाकला. काशीबाईचा एकच फोटो उरला होता, रेशनकार्डावरचा, आणि त्यात ती कोणीही बाई वाटत होती. आईचं उठणं आता कुठे राहिलं असेल तर ते आम्रपालीच्या उजव्या हातात.

हे सगळं मुद्दाम सांगितलं, कारण पुढे ती त्या बारा चित्रांसाठी जी हट्टाला पेटली, ते उगाच नव्हतं.

इरावती पुण्याहून आली. तिशीची, हातमागाचा कुर्ता, हातात तांब्याची बाटली. स्वतःच्या हिमतीवर सिनेमा करत होती, अकरा मिनिटांचा, संपूर्ण हाताने काढलेला, डोंगरातल्या बायकांवर. कोणीतरी तिला आम्रपालीचं नाव सांगितलं होतं. ती आली आणि जमिनीवर मांडी घालून बसली, खुर्ची रिकामी असताना. आम्रपालीला इथेच पहिली शंका यायला हवी होती. पण इरावतीने विचारलं, की भारा उचलणारी बाई काढाल का, आणि आम्रपालीचं भान गेलं.

तीन महिने ती बोर्डांची कामं पुढे ढकलून तेवढंच करत होती. जुनी काच पुसली, ट्यूब बदलली. एकशे चाळीस चित्रं. त्यातली बारा नुसत्या थांबण्याची. थांबलेला माणूस काढणं सगळ्यात अवघड. एकच चित्र धरून ठेवलं तर पडद्यावर माणूस मेलेला दिसतो. म्हणून तेच चित्र पुन्हा पुन्हा काढायचं, केसभर फरकाने, की श्वास आत गेला, श्वास बाहेर आला. बारावं चित्र झालं आणि तिने पानं बोटांत धरून फडफडवली, तेव्हा काचेवर आई थांबली. आम्रपाली तिथेच बसून रडली. आई गेल्यापासून तेरा वर्षांत तिने तिला पाहिलं नव्हतं.

इरावतीला काम आवडलं, पण तिला रेघ फार नीट वाटली. तिने सुचवलं, की ती जरा थरथरती करावी, म्हणजे हातचं आहे हे कळेल. अकरा वर्षं ज्या बाईने रेघ थरथरू नये म्हणून श्वास रोखून काम केलं, तिला हे सांगत होती. आम्रपालीने नकार दिला. मग इरावती त्या थांबण्याकडे वळली. ते तिला लांब हवं होतं, तिप्पट लांब. त्या पुढे आलेल्या हातात केवढी असहायता आहे, ती म्हणाली, प्रेक्षकाला ती सोसायला लागली पाहिजे. आम्रपालीने तिला समजावलं, की ही असहाय बाई नाही, तोल सांभाळते आहे. इरावतीने मान हलवली, डोळ्यांत पाणी आणलं आणि पुण्याला जाऊन तिला हवं तेच केलं. तीच बारा चित्रं एकामागोमाग तीनदा चालवली. काशीबाई एका श्वासाच्या जागी तीन श्वास घेऊ लागली, दमेकऱ्यासारखी.

सिनेमा कुठेकुठे दाखवला गेला. इरावतीने एका महोत्सवाची पुस्तिका पाठवली. गुळगुळीत कागदावर आई भाऱ्याखाली वाकलेली होती, आणि खाली छापलं होतं, 'ग्रामीण स्त्रीच्या वेदनेचा मूक आक्रोश'. आम्रपालीने ते वाचलं. काशीबाई मूक मुळीच नव्हती. मुकादमाला तिने भर शेतात शिव्या घातल्या होत्या आणि त्या वाडीत अजून पाठ आहेत. आक्रोशाला तर तिला सवडच नव्हती. आता थंडगार हॉलमध्ये बसून लोक तिची कीव करणार, बाहेर येऊन कॉफी पिणार, आणि आपण किती हळवे आहोत याचं समाधान घेऊन घरी जाणार. आम्रपालीने पुस्तिका कपाटामागे टाकली आणि हात धुतले.

दोन महिन्यांनी रुचिर आला. हा पोलादपूरचा, वडील तिथे बँकेत होते, आता पुण्यात तीन मित्रांबरोबर मोबाईलचा गेम करत होता. अठ्ठावीस वर्षांचा मुलगा, बोलताना गुडघा हलवायचा. त्याने इरावतीचा सिनेमा पाहिला होता आणि त्याला ती बाई हवी होती. त्याच्या गेममध्ये पाचाडसारख्या एका गावातून डोंगर चढून गडावर ओझी पोचवायची असतात. बांध ओलांडायचे, दगड चुकवायचे, टेकायचं, उचलायचं. सगळं हाताने काढलेलं दिसायला हवं, कारण तसं हल्ली चालतं. या 'चालतं' शब्दावर आम्रपालीच्या कपाळाला पहिली आठी पडली.

तरी तिने फोन हातात घेऊन बघितलं. तिची एकशे चाळीस चित्रं त्याने इरावतीकडून घेऊन तात्पुरती बसवली होती. बटण दाबलं की आई वाकायची, आणि खटकन भारा डोक्यावर घेऊन उभी. मधलं थांबणं नाहीच. तिने विचारलं, बारा चित्रं कुठे गेली.

रुचिरने शांतपणे सांगितलं, आणि त्याचं सांगणं खोटं नव्हतं. सिनेमात बाई कधी उठणार हे चित्रकार ठरवतो, बघणारा गप्प बसून बघतो. गेममध्ये ते खेळणारा ठरवतो. त्याने बटण दाबलं आणि बाई एक सेकंद नुसती थांबली, तर त्याला वाटतं फोन अडकला. तो चिडतो, पुन्हापुन्हा दाबतो, शेवटी गेम काढून टाकतो. शिवाय ती बाराही चित्रं तर सारखीच दिसतात, आणि तो हात पुढे आलाय तो बहुतेक चुकून राहिलाय ना, असं त्याने विचारलं.

हे ऐकून आम्रपालीच्या अंगाचा तिळपापड झाला. एकीने आईला तीन श्वास दिले, दुसरा एकही द्यायला तयार नाही. एकीला ती रडवायला हवी होती, दुसऱ्याला ती उड्या मारायला हवी होती. वर फोनमधून, दर वेळी आईने भारा उचलला की, नाणी पडल्याचा आवाज यायचा. खुळ खुळ. काशीबाईच्या उभ्या जन्मात भारा उचलल्यावर असा आवाज कधी आला नव्हता. तिने रुचिरला सांगितलं, की बारा चित्रं असतील तर बाई मिळेल, नाहीतर तू मांजर घे, मला मांजरं छान येतात. आणि ती मोरीकडे गेली. रुचिरला तिच्या हात धुण्याचा अर्थ ठाऊक नव्हता, तो बिचारा ती येईपर्यंत बसून राहिला.

त्यानंतर इरावतीचा फोन आला, की सिनेमा ज्या गावातून आला त्या गावाला तो परत द्यायचा आहे. म्हणजे तुडीलला दाखवायचा. आम्रपालीला हे 'परत देणं' ऐकूनच शिसारी आली. पण वाडीतल्या लोकांना काशीबाई बघायची होती, त्यांना नाही कसं म्हणणार. एका रविवारी दुपारी समाजमंदिराच्या खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला आणि पांढऱ्या भिंतीवर सिनेमा लावला. पन्नाससाठ माणसं असतील. काशीबाई बांधावर टेकली तेव्हा मागून दोनतीन बाया एकदम म्हणाल्या, की ही तर काशी. इरावतीने आम्रपालीचा हात दाबला, तो तिने सोडवून घेतला.

सिनेमा संपल्यावर इरावती समोर उभी राहिली आणि तिने लोकांना विचारलं, तुम्हाला काय वाटलं. कोणी काही बोलेना. तिने आग्रह केला. ती बाई थांबते, हात पुढे करते, ते बघून तुम्हाला आतमध्ये काय झालं, असं तिने विचारलं. आम्रपालीला वाटलं, आता जमीन फाटेल तर बरं.

तेव्हा भिकाजीतात्या बोलले. काशीबाईच्या शेजारच्या शेतात त्यांनी जन्म काढलेला, आता ऐंशीच्या घरात, काठीवर हनुवटी ठेवून पहिल्या रांगेत बसलेले.

"आतमदे काय व्हायचाय," ते म्हणाले. "हात मागते ती. कोन हात लावल म्हनून थांबलीय. नाय आला कोन, का मंग गुडघ्यावर जोर देऊन उटते. त्यात काय कळायचा नाय असा हाय?"

लोक हसले. बायांनी माना हलवल्या. त्यांना सगळ्यांनाच ते पहिल्यापासून दिसलं होतं, सांगण्यासारखं त्यात काही वाटलं नव्हतं, इतकंच. आम्रपाली मात्र भिंतीला टेकली. तिने विचारलं, की तात्या, शेवटच्या बांधावर तर कोणीच नसायचं, मग आई हात कोणाकडे मागायची.

म्हाताऱ्याने तिच्याकडे वळून बघितलं. त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, आठवलं ते त्याने सांगितलं.

"तू असायचीस ना समोर, उंबराखाली. मी एकदा माझ्या शेतातना बगितला, म्हनला काशी, हाक मार की पोरीला. तर मलाच गप केलान. म्हनली, चित्रा काढतेय ती, तिला उटवू नको. वर बगेल तवा येल."

इरावतीने यातलं बरंचसं वहीत लिहून घेतलं.

आम्रपाली महाडला कशी आली हे तिला आठवत नाही. घरी येऊन तिने हात धुतले. पुसले, पुन्हा धुतले. नंतर तिच्या लक्षात आलं, की या वेळी धुवून जाण्यासारखं काहीच नाही, कारण किळस आली होती ती आपल्या त्या हाताचीच. वर तर तिने हजारदा बघितलं होतं. पाठीचा बाक बघितला, गुडघ्याचा कोन बघितला, पुढे आलेल्या हाताची उघडी बोटं मोजून काढली. ज्या वाटेवर बोलणं तुटलेल्या जावा एकमेकींना हात लावत होत्या, तिथे ही पोटची पोर समोर बसून आईच्या मागणाऱ्या हाताची रेघ सुधारत होती. एक उन्हाळा नाही, चार उन्हाळे. आणि वर त्याला आईची तऱ्हा म्हणून मिरवलं. इरावतीने हॉलभर परक्यांना बसवून बघायला लावलं याचा तिला केवढा संताप आला होता. पण काहीही न करता बसून बघणारा पहिला प्रेक्षक तर उंबराखाली बसला होता.

आठ दिवस तिने पेन्सिल हातात घेतली नाही. एमआयडीसीतून बोर्डासाठी फोन आले, ते उचलले नाहीत. जेवण बेचव लागत होतं. पुस्तिकेतला तो 'मूक आक्रोश' तिला राहून राहून आठवायचा आणि अधिकच वीट यायचा, कारण त्या भंपक शब्दांत इरावती तिच्यापेक्षा खऱ्याच्या जवळ पोचली होती. असहाय नाही, पण मागणारा हात होता तो. इरावतीने निदान तेवढं ओळखलं होतं.

नवव्या दिवशी तिने रुचिरला फोन केला. तिने त्याला सांगितलं, की तुझा खेळणारा बटण दाबतो म्हणून बाई उठते, हे चूक आहे. बाई आपली आपण येईल, टेकेल, वाकेल, हात पुढे करेल आणि थांबेल. तिथे खेळणाऱ्याने बटण दाबायचं. दाबलं की समोरून एक हात येईल आणि तिला ओढेल. नाही दाबलं, तर ती थांबूनच राहील. पलीकडे रुचिरचा गुडघा हलत असणार. मग तो म्हणाला, की ताई, कोणी दाबलंच नाही तर गेम पुढेच जाणार नाही. आम्रपाली म्हणाली, नाही जाणार.

त्याला ते पटायला वेळ लागला, पण पटलं. सिनेमात हे करताच आलं नसतं हे आधी त्याच्याच लक्षात आलं, आणि त्या आनंदात तो लगेच बिघडला. हात लावला की दहा नाणी द्यावीत, पडद्यावर 'शाब्बास' यावं, असं त्याने सुचवलं. हात लावल्याबद्दल शाब्बासकी. आम्रपालीने त्याला बजावलं, की एक जरी नाणं वाजलं तर पुण्याला येऊन तुझा कॉम्प्युटर मुठा नदीत टाकीन. ते तेवढ्यावर मिटलं.

मग तिने तो हात काढला. आठ चित्रं. डावीकडून येणारा, आईची बोटं धरणारा, ओढणारा. आधी तिने आजचा आपला हात काढला, रुंद झालेला, रंगाने तडकलेला. तो काचेवर ठेवला आणि फाडला. मग तेरा वर्षांच्या मुलीचा काढला, काटकुळा, मनगटाचं हाड वर आलेलं, करंगळीखाली पेन्सिलीचा काळा डाग. आईची बारा चित्रं तिने होती तशीच ठेवली. त्यात बदलण्यासारखं काही नव्हतं, हात पहिल्यापासून बरोबर निघाला होता.

दिवाळीनंतर रुचिर फोन घेऊन आला. सकाळची वेळ होती, बाहेर बाजार नुकता उघडत होता. त्याने सांगितलं, की मित्रांना खेळायला दिलं तर दोघे वैतागून उठून गेले, आणि तिसरा मात्र दीड तास बसला. आम्रपालीला त्यात रस नव्हता. तिने फोन हातात घेतला.

डोंगराची वाट. कवळाचा भारा घेऊन आई आली, बांधावर टेकली, श्वास घेतला. पाठ लावून वाकली, डोकं भाऱ्याखाली सारलं. डावा हात वीतभर पुढे आला, बोटं उघडी. आणि ती थांबली. बारा चित्रं संपली की पुन्हा पहिलं चित्र लागत होतं. श्वास आत, श्वास बाहेर. सिनेमात इरावतीने ओढूनताणून ती तीन श्वास थांबवली होती. इथे ती कोणी येईपर्यंत थांबणार होती. आम्रपाली बघत राहिली. चार श्वास झाले, सात झाले, दहा झाले. बघत राहायची तिला सवय होती.

"ताई, दाबा," रुचिर म्हणाला.

तिने अंगठा टेकवला. डावीकडून तो काटकुळा हात आला, आईची बोटं धरली आणि ओढलं. काशीबाई उठली, भारा डोक्यावर बसला, आणि ती वाट चालू लागली. गुडघ्यावर हात ठेवावाच लागला नाही. या सगळ्याला एक सेकंदही लागला नव्हता.

"एवढंच होतं?" आम्रपालीने विचारलं.

रुचिरला वाटलं, ती गेमबद्दल विचारते आहे. तो घाईघाईने म्हणाला, "नाही ताई, पुढे अजून अठरा बांध आहेत."

तिला स्वतःची अशी काही शिसारी आली, की एरवी ती केव्हाच उठून मोरीकडे गेली असती. पण आता उठायची सोय नव्हती. पुढच्या बांधावर आई टेकली होती, वाकली होती, आणि तिचा हात पुढे आला होता.